दोघांना सारखाच नारळ

हरी, तू मेलास तेही वेळ साधूनच, असं मला अजून वाटतं.

रविवारी सकाळी तुझ्याकडे यायचं मी ठरवलं होतं. चहा घ्यायचा नाही, बसायचं नाही, उंबऱ्यात उभं राहूनच विचारायचं, असं मनाशी पक्कं करून इस्त्रीचा शर्टसुद्धा काढून ठेवला होता. शुक्रवारी तुझ्या छातीत कळ आली, रिक्षात घातलं, आणि नायगावचा पूल ओलांडायच्या आत तू मोकळा झालास. शेजारचा परशुराम धावत सांगायला आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "नीट पाहिलं का कोणी? खरंच गेला?" लोकांना वाटलं, मास्तरांना धक्का बसला. धक्का बसलाच होता. पण तुला म्हणून सांगतो, त्यात थोडा संशयही होता. मंत्रालयात उभी नोकरी काढलेला माणूस अडचणीच्या प्रश्नाला जागेवर सापडत नाही, हे मला तूच शिकवलं होतंस.

गावाने तुझ्यावर एक पुस्तिका काढायचं ठरवलंय. "मास्तर, तुमीच लिवा, तुमी त्याचे जवलचे," म्हणून माझ्याकडेच आले. ते मी लिहून दिलं. जन्म, शिक्षण, शासकीय सेवा, मनमिळाऊ स्वभाव, गावाची कधीही न भरून येणारी हानी. वाचलंस तर पोट धरून हसशील. हे जे आता लिहितोय ते वेगळं आहे, आणि ते पुस्तिकेत जाणार नाही. का जाणार नाही, ते पुढे येईलच.

आपलं भांडण कधी सुरू झालं, आठवतं? मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो. एका सरकारात उपमुख्यमंत्री नेमले गेले आणि तुला त्यांच्या बाहेरच्या दालनात टेबल मिळालं. भेटायला येणाऱ्यांची नावं आत कळवायची, कोणाला बसवायचं, कोणाला उभं ठेवायचं, कोणाला "साहेब दौऱ्यावर आहेत" म्हणून वाटेला लावायचं, हे तुझं काम. तू पेढे घेऊन आलास. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "हरी, ज्याच्या दाराशी बसणार आहेस ते पदच घटनेत नाही."

तू पेढ्यांचा पुडा मागे ओढलास. मी पुस्तक उघडून दाखवलं. राज्यपाल आहेत, मुख्यमंत्री आहेत, मंत्रिमंडळ आहे. उपमुख्यमंत्री कुठेच नाहीत. शपथेत तो शब्द उच्चारला काय, न उच्चारला काय, कायद्याच्या हिशेबी माणूस मंत्रीच. अधिकार त्याच्या खात्यापुरता. मुख्यमंत्री परदेशी गेले तरी कारभार आपोआप त्याच्याकडे येत नाही. मग हे पद कशासाठी? तर कोणीतरी रुसलेला असतो, त्याला उठून जाऊ द्यायचं नसतं, म्हणून त्याच्या खुर्चीला दोन अक्षरं जास्तीची लावतात.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "घटनेत चहापन नाय, मास्तर. पन एक दिवस चहा बंद करून बघ, मंत्रालय चालतं का."

त्या दिवसापासून आपल्याला बोलायला विषय पुरला. सरकारं आली, गेली. एखाद्या सरकारात उपमुख्यमंत्रीच नसायचे, मग तुझं टेबल उचलून दुसऱ्या शाखेत जायचं आणि तू मला तोंड दाखवायचा नाहीस. पुन्हा जुळवाजुळवीचं सरकार आलं, पुन्हा पद उगवलं, की तुला बोलावणं. "बघ," मी म्हणायचो, "पावसाळ्यातल्या भूछत्रासारखं पद तुझं." तू म्हणायचास, "पद जातंय-येतंय. दाराशी मीच हाय." पक्ष कुठलाही असो, तू दाराशीच होतास. हे तुला भूषण वाटायचं. मला नाही वाटायचं. सगळ्यांना चालणारा माणूस नक्की कोणाचा, हा प्रश्न मला तेव्हापासूनच पडायचा.

शपथविधी आपण तुझ्याच ओटीवर टीव्हीवर बघायचो. मी व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीकडे बघायचो, तू कडेच्या. "मधल्याचा सोड. कडेचा कोन आधी उठतंय ते बघ. कोन कोनाच्या कानाशी लागतंय ते बघ." आणि हळूच, मालती वहिनी चहा घेऊन आत वळल्या की, तुझं ते ठरलेलं वाक्य. "मुख्यमंत्र्याकडं लोक काम व्हावा म्हनून जातात. उपकडं जातात ते काम अडू नये म्हनून."

मी म्हणायचो, याला मी राज्यकारभार म्हणत नाही. तू म्हणायचास, मी पन नाय म्हनत, मी त्याला दुपार म्हनतो. तुझी दुपार म्हणजे भेटीची वेळ.

एकदा मी तुला वर्गात आणलं होतं. सातवीच्या एका मुलीने विचारलं होतं की पुस्तकात उपमुख्यमंत्र्यावर धडा का नाही. मला उत्तर देता येत होतं, पण म्हटलं, दारावरचा माणूस गावातच आहे, त्यालाच विचारा. तू रजा टाकून आलास, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मुलांना विचारलंस, "वर्गाला एक मॉनिटर असताना दुसरा कशाला नेमतात?" कोणी म्हणालं, मदतीला. कोणी म्हणालं, पहिला गैरहजर असला तर. मागच्या बाकावरून तीच मुलगी म्हणाली, "पहिल्यावर नजर ठेवायला. आणि पहिल्याने दुसऱ्यावर ठेवायला." तू टाळ्या वाजवल्यास. म्हणालास, हिला आमच्याकडं पाठवा. त्या तासाला मुलं जेवढी हसली तेवढी माझ्या तासाला कधी हसली नाहीत, आणि मला त्याचा हेवा वाटला होता. तो तेव्हा सांगायचा राहिला.

सांगायच्या राहिलेल्या गोष्टी आणखी आहेत. माझी बायको सुमन आजारी पडली तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात खाट मिळत नव्हती. मी दोन दिवस व्हरांड्यात बसून होतो. तिसऱ्या दिवशी एक माणूस आला आणि नाव विचारून आम्हाला वरच्या मजल्यावर घेऊन गेला. मी तुला विचारलं तर तू म्हणालास, "मी कशाला सांगू? तुजा नंबर लागला असंल." सुमन त्यातून आणखी सहा वर्षं जगली. हरी, ती सहा वर्षं मला तुझ्यामुळे मिळाली, हे मी जाणून होतो. आणि स्वभावाला औषध नाही, त्या सहाही वर्षांत मी वाट बघत राहिलो की याच्या बदल्यात तू काय मागणार. तू काही मागितलं नाहीस. मला त्याचंही नवल वाटायचं, आणि नवलाच्या पोटात पुन्हा संशय. आज सरळ म्हणतो, तुझे उपकार आहेत. फार मोठे आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

खाडीच्या बांधाला आपली जुनी उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्या झडपेचं काम. एका अमावास्येच्या उधाणात ती निखळून गेली. बांधाचा तुकडाही सोबत गेला. पूर्वी घरटी एक माणूस निघायचा आणि गाव मिळून बांध घालायचं. आता बांध सरकारी झालाय, हात लावायला परवानगी लागते. आपण वाळूची पोती टाकली, ती पुढच्या उधाणाने नेली. भाताच्या खाचरात खाडीतले निवट्या मासे उड्या मारायला लागले. वर पांढरी खार धरली.

समिती झाली. अर्ज मी बरा लिहितो म्हणून मला अध्यक्ष केलं. तू निवृत्त होऊन गावात आला होतास, मंत्रालयाच्या वाटा तुझ्या पायाखालच्या, म्हणून अर्ज न्यायचं काम तुझ्याकडे.

तेव्हा राज्याला दोन उपमुख्यमंत्री होते, दोन पक्षांचे. नावं इथे लिहीत नाही. माझं भांडण नावांशी नव्हतंच. पहिल्यांच्या खात्याकडे बांध येत होता. दुसऱ्यांच्या खात्याकडे बांधामागच्या जमिनीचं नियोजन, म्हणजे कुठे शेती राहायची आणि कुठे इमारती उठायच्या ते. आपलं काम बांधाचं. अर्ज पहिल्यांकडे जायला हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी अर्ज तसाच लिहिला होता.

गावदेवीच्या देवळात बैठक होती. तू उठलास आणि म्हणालास, अर्ज दोन करा, एक दुसऱ्या साहेबांनापन देऊ.

मी विचारलं, "त्यांचा बांधाशी काय संबंध?"

तू माझ्याकडे बघितलंसच नाहीस. गावाकडे तोंड करून म्हणालास, "घरात दोन मामे हायत. एकाला नारल दिला नि दुसऱ्याला नाय दिला, तं लगनात काय होतं ते मी सांगाला पायजे?"

झालं. अख्खं देऊळ हसलं. रुसलेल्या मामाने मांडव अडवलेलं लग्न प्रत्येकाने पाहिलेलं. परशुरामने तर लगेच स्वतःच्या लग्नातली गोष्ट काढली, त्याचा धाकटा मामा टॉवेल-टोपी मिळाली नाही म्हणून मुहूर्त टळेपर्यंत रिक्षात बसून राहिला होता. मी ओरडलो, "अरे, सरकार म्हणजे लग्न नव्हे!" तू शांतपणे म्हणालास, "मंग काय हाय? तूच तं बोलतंस ना, ह्यो पद रुसव्यासाठी हाय म्हनून?"

माझंच वाक्य माझ्या गळ्यात. अर्ज दोन झाले. शाली दोन आणल्या, एकाच रंगाच्या. बायकांनी नारळ कानाशी हलवून, पाण्याचा आवाज सारखा येईल असे दोन निवडले. एका शिष्टमंडळाने एका दिवसात दोन्ही दालनांत जाऊन सारखा मान दिला. गाव खूश होतं. दोन्ही साहेब हसून बोलले. पहिल्यांनी अर्जावर पाहणी करा म्हणून लिहिलं. मग तू ती लिहिलेली प्रत घेऊन दुसऱ्यांच्या कार्यालयात गेलास, आणि दुसऱ्यांच्या शिक्क्याची प्रत घेऊन पुन्हा पहिल्यांकडे. एकटाच गेलास. हे शिष्टमंडळाला कळलं ते नंतर.

आणि तिथून पुढे काही हललं नाही. पहिल्यांकडे गेलं की सांगायचे, हा विषय दुसऱ्या साहेबांकडेही आहे, त्यांचा अभिप्राय येऊ द्या. दुसऱ्यांकडे गेलं की सांगायचे, पहिल्या साहेबांनी लक्ष घातलंय, आम्ही मध्ये कसं पडणार. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात गेलो तर तिथला अधिकारी कौतुकाने म्हणाला, "तुमच्या गावाचं भाग्य, दोन्ही उपमुख्यमंत्री तुमचं काम बघताहेत." दोन पावसाळे गेले. उधाणाचं पाणी मोजून यायचं आणि मोजून जायचं.

गाव सरकारला शिव्या देत होतं. मी देत नव्हतो. माझं म्हणणं साधं होतं. गावाला कळलं नाही, कारण गावाला लग्नं माहीत आहेत, दालनं माहीत नाहीत. पण तुला? दोन वजनदार माणसांच्या नावाचा कागद एकही जण हलवत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तू चुकून असं करणार नाहीस. म्हणजे तू मुद्दाम केलंस. आणि मुद्दाम केलंस, तर कोणासाठी?

उत्तर मला नायगाव स्टेशनच्या रस्त्यावर दिसलं. मी भाजी घेऊन येत होतो. एक मोठी पांढरी गाडी थांबली आणि तू उतरलास. गाडी कोणाची ते नायगावात सगळ्यांना माहीत आहे. खाडीकडेच्या जमिनी घेऊन टॉवर उठवणाऱ्यांच्या माणसाची. तू काचेतून आत वाकून काहीतरी बोललास, हसलास, आणि मला बघून हसू आवरलंस. ते आवरलेलं हसू मी घरी घेऊन गेलो, आणि त्यावर रात्ररात्र विचार केला. शेत खारं झालं की शेतकरी कंटाळतो. कंटाळलेला शेतकरी पडेल त्या भावाला देतो. उघाडी जितकी वर्षं उघडी, तितकी जमीन त्यांच्या जवळ. सरळ बेरीज होती.

आपलं शेवटचं बोलणं बांधावर झालं. ओहोटी होती, चिखलात बगळे उतरले होते. मी म्हटलं, "हरी, दुसऱ्याकडे कागद कोणाच्या सांगण्यावरून नेलास?"

तू विडी पेटवायला वेळ घेतलास. "कोनाच्या नाय."

"गाडीत कशाला बसला होतास?"

"ऊन होता. त्यानी सोडला."

"मला मूर्ख समजतोस?"

"मूर्ख नाय समजत," तू म्हणालास. "पन तुज्या तोंडाला कडी नाय, मास्तर. कदी सांगीन तवा सांगीन."

मी तुला जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. तू ऐकून घेतलंस, विडी अर्धीच चिखलात टाकलीस आणि बांधावरून चालत गेलास. मी हाक मारली नाही. त्यानंतर आपण देवळातही समोरासमोर आलो नाही. मग तो रविवार ठरला, आणि तुझा शुक्रवार आला.

तुझ्या दहाव्यापर्यंत नाक्यावर दोन फलक लागले होते. भावपूर्ण श्रद्धांजली. एकावर पहिल्या साहेबांचा मोठा फोटो, एकावर दुसऱ्यांचा, आणि दोन्हींवर खाली कोपऱ्यात तू, तोच एक ओळखपत्रातला फोटो, डोळे अर्धे मिटलेले. फलक लावणाऱ्यांची उंचीवरून वादावादी झाली. शेवटी परशुरामने दोरी लावून दोन्ही सारखे करून दिले. हसायला तू नव्हतास. मला तिथे उभ्या उभ्या रडू फुटलं, आणि लोकांना वाटलं फलक बघून फुटलं.

तेराव्याला गोखिवऱ्याचे शिर्के आले होते. तुझ्याबरोबर काम केलेले, वयाने लहान, पुढच्या दालनातले, अजून नोकरीत आहेत. जेवणं झाल्यावर मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. ते सहज बोलून गेले.

"हरीभाऊंनी काय गाठ मारून ठेवलीय हो. तुमचा बांधाचा कागद सुटत नाही, आणि त्याच्यामुळे तो दुसराही सुटत नाही."

"दुसरा कुठला?"

"तुमच्या खाडीकडेच्या जमिनीचा. शेतीतून काढून इमारतींसाठी द्यायचा प्रस्ताव. तयार होता तो, निघायच्या बेतात होता. तेवढ्यात तुमचा अर्ज त्याच जमिनीवर पहिल्या साहेबांचा शेरा घेऊन येऊन बसला. आता एकाचा बांध आणि एकाची जमीन. हा म्हणतो तुमचं येऊ द्या, तो म्हणतो तुमचं येऊ द्या. दोघांत हात कोणी लावायचा?"

मी रिक्षाचा दांडा धरून उभा राहिलो. "हरीला प्रस्तावाचं माहीत होतं?"

शिर्क्यांनी खांदे उडवले. "दाराशी बसणाऱ्याला सगळंच माहीत असतं. आणि कधी कधी काहीच नसतं. आता विचारणार कोणाला?"

रिक्षा गेली. मी बांधावर जाऊन बसलो.

हरी, तू चुकून करणार नाहीस, या एका गोष्टीवर मी तुला चोर ठरवलं होतं. तीच गोष्ट आता तुला राखणदार ठरवत होती. कागद तोच, शेरे तेच, नारळही तेच. उघाडी दुरुस्त होऊ नये म्हणून तू दोघांना गुंतवलंस, की जमीन जाऊ नये म्हणून? बाहेरून दोन्हीत काडीचा फरक दिसत नाही. त्या गाडीत तू त्यांना मदत करायला बसला होतास, की त्यांचा प्रस्ताव कुठवर आलाय ते काढून घ्यायला? की खरंच ऊन होतं? मी तिन्ही गोष्टी धरून बसलो आणि तिन्ही मला पटल्या. मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा होता रे. अगदी मनापासून ठेवायचा होता. पण सवय नाही.

एक मात्र मला उमगलं. खरंच राखत असलास, तर तुला बोलता येणार नव्हतं. मला सांगितलं असतंस तर मी अभिमानाने देवळात सांगितलं असतं. देवळात कळलं असतं की जमिनीचा प्रस्ताव तयार आहे, तर निम्मं गाव दुसऱ्या दिवशी विकायला निघालं असतं, आणि उरलेलं निम्मं त्यांच्याशी भांडत बसलं असतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पांढऱ्या गाडीत पोचली असती, आणि दोन्ही कागद अलगद वेगळे झाले असते. म्हणून हे पुस्तिकेत जाणार नाही.

परवा देवळात बैठक झाली. समितीतला प्रकाश शिकलेला आहे, त्याने माझ्यासारखाच विचार केला. म्हणाला, आपली चूक झाली, दोन्हीकडे अर्ज द्यायला नको होता. दुसऱ्या साहेबांकडचा अर्ज मागे घेऊ, म्हणजे पहिले साहेब मोकळेपणी बांधाचं काम काढतील. अध्यक्षांची सही झाली की उद्याच नेतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतके दिवस हेच तर मी घसा फोडून सांगत होतो. कागद माझ्यापुढे आला.

मी म्हणालो, "राहू द्या दोन्हीकडे."

प्रकाश म्हणाला, "मास्तर, तुमीच तर म्हणत होतात."

"म्हणत होतो. आता नाही म्हणत."

तुझ्यावर विश्वास बसला म्हणून नाही, हरी, गैरसमज नको. सही केली तर दुसऱ्यांच्या टेबलावरची जमीन मोकळी होणार, आणि पहिले बांधाचं काम काढतीलच याची हमी कोण देणार? दोघांपैकी एकालाही आपल्या जमिनीबरोबर एकटं सोडायची माझी तयारी नव्हती. एकमेकांवर डोळा ठेवून बसलेत तोवर बसू द्यावं. उघाडीसाठी दुसरी वाट बघावी, कोर्टात जावं, काहीही करावं. पण हे कारण मला तोंडातून काढता येत नव्हतं. मी नुसता "राहू द्या" म्हणत राहिलो.

मागून बायकांतून मालती वहिनी उठल्या. तेराव्यानंतर पहिल्यांदाच बाहेर पडल्या होत्या. वटारहून त्यांचा भाऊ न्यायला आला होता, थोडे दिवस माहेरच्या वाडीत राहा म्हणून. पण शेताचं काहीतरी झाल्याशिवाय जायला तयार नव्हत्या. तुझं शेत उघाडीला लागूनच, खारं पाणी पहिलं तिथेच शिरतं. त्या पुढे आल्या, प्रकाशच्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"सही करा, मास्तर. शेतात खाडीतला तिवर उगवलाय. आजून एक पावसाला गेला तं शेत खाडीचा व्हयेल. मना दुसरा काय हाय?"

"वहिनी, सही नाही करत."

"का?"

हरी, मी त्यांच्याकडे बघितलं. सांगावंसं फार वाटलं. निदान त्यांना एकटीला, बाजूला घेऊन. पण सगळं देऊळ ऐकत होतं, आणि सांगायचं तरी काय, की तुमचा नवरा बहुतेक चांगला होता? बहुतेक हा शब्द विधवेपुढे कसा काढायचा?

मी पुढ्यातला कागद प्रकाशकडे सरकवला. त्यांनी ते बघितलं. मग आवाज इतका खाली आणला की तो फक्त मला ऐकू यावा.

"तुमीपन?"

एवढंच. म्हणजे त्यांनाही वाटत होतं. तुला जेवायला वाढताना, तुझ्या छातीला तेल चोळताना, इतके दिवस त्यांनाही वाटत होतं की तू काहीतरी घेतलंयस, आणि तू त्यांनासुद्धा खरं काय ते सांगितलं नव्हतंस. गावाचं आणि माझं सोड. घरातल्या माणसाचा तो संशयाचा डोळा घेऊन तू रोज त्या ओटीवर कसा बसत होतास, हे मला तुला विचारायचंय.

त्यांनी पेन खाली ठेवलं. प्रकाशने कागदाची घडी केली. बाहेर चपला शोधताना कोणीतरी हळू म्हणालं, मास्तरला पन गाडी मिलाली वाटतं, आणि मला ऐकू येईल एवढंच दोघे-तिघे हसले. मी ऐकलं, आणि वळून बघितलं नाही.